अंगावर मुरलेलं अत्तर

ता. ६ डिसेंबर

चि. ठकीस,
अ. आ. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. यजमानांचा खोकला हटत नाही म्हणतेस, पण पुस्तकांच्या बायंडिंगच्या खळीचा वास रोज घरी तूच नेतेस, त्याला ते बिचारे काय करणार! इकडे आई खाटेला खिळून आहेत. कमरेचं मोडलेलं हाड जुळतंय, पण नजर जवळजवळ गेली. उजेड आणि अंधार तेवढा कळतो.

तुझा दादा गेला, हे अजून त्यांना सांगितलेलं नाही. आई ऑपरेशनसाठी इस्पितळात असताना तो दुकानात अत्तरं मिसळता मिसळता कोसळला. डॉक्टर म्हणाले, त्यांचं हृदय नाजूक आहे, इतक्यात धक्का नको. म्हणून मी सांगितलं की तो माल आणायला परगावी गेलाय, आणि तुझ्याही तोंडाला कुलूप घातलं. ते ‘इतक्यात’ काही संपेना. आता आईंचं म्हणणं असं की मीच काहीतरी घालूनपाडून बोलले, म्हणून तो घर सोडून गेला. शेजारणीलाही तेच सांगतात. मी इस्त्रीच्या दुकानातून दमून येते आणि ऐकून घेते.

परवा एक सुचलं. त्याच्या वाळ्याच्या कुपीतला फाया मनगटावर फिरवला आणि त्या झोपल्या असताना उशाशी बसले. वाटलं, जाग आल्यावर म्हणतील की तो येऊन गेला वाटतं. डोळे न उघडताच त्यांनी विचारलं की त्याच्या कुपीला हात कशाला लावलास. माझ्या अंगावर वाळा गोडसर होतो, उतरलेल्या फळासारखा. तुझा दादा हसायचा, म्हणायचा की तुझ्या मनगटावर चांगलं अत्तरही नासतं. मग त्याच्या सदऱ्याला लावून पाहिलं. कापडाला ऊब नाही, तिथे ते लावलं तसंच राहिलं. नुसता कुपीचा वास आला, त्याचा नाही.

तुझी कातडी त्याच्यासारखी आहे. एक दिवस ये, ते लावून त्यांच्याजवळ बस. बोलू नकोस काही. त्यांचं जेवण दोन घासांवर आलंय गं.

तुझ्या वाटेकडे डोळे लावून बसलेली,
वहिनी

---

ता. १२ डिसेंबर

ती. वहिनीस,
सा. न. वि. वि.

रागावू नकोस, पण हे माझ्याच्याने होणार नाही.

तुला ठाऊक आहे, लहानपणी दादाची वही, पाटी, सगळं माझं मनगटच होतं. नवीन मिश्रण केलं की आधी त्याच्या हातावर आणि मग माझ्या. चोळू द्यायचा नाही. चोळलं की जीव जातो म्हणायचा. मला शाळेत हात लांब धरून बसावं लागे आणि मुली हसत. वाळा लावल्या लावल्या मुळांचा कडूपणा नाकात चढायचा. तो उडाला की ओली माती. आणि तासाभराने आम्हा दोघांच्या अंगावर त्याला एक कोरडा, उबदार वास यायचा, तापलेल्या दगडावर पाणी शिंपडल्यासारखा. आई म्हणायची की डोळे मिटले तर तुमच्यातलं कोण आलंय ते कळत नाही.

तो गेल्यापासून मी अत्तराला हात लावलेला नाही. ते लावलं तर दिवसभर तो माझ्याच हातावर असेल आणि मला तसंच खळ लावत, पुस्तकांचे फर्मे शिवत बसावं लागेल. शिवाय त्याच्याच वासाने त्याच्याच आईला फसवायचं? तिला खरं सांग. तुला जमत नसेल तर मी येऊन सांगते.

तुझ्यावर चिडूनही तुझीच असलेली,
ठकी

---

ता. १७ डिसेंबर

चि. ठकीस,
अ. आ.

तू म्हणतेस ते बरोबर आहे. मी तीनदा त्यांच्या दारापर्यंत जाऊन परत फिरले. कालपासून त्यांनी ताट बाजूला सारलंय. तो आल्याशिवाय जेवणार नाही म्हणतात. डॉक्टर येऊन गेले. अशक्तपणा फार आहे आणि असंच चाललं तर भरवसा नाही, असं दाराबाहेर मला सांगून गेले. मी खोटं चालू ठेव म्हणत नाही. एक जेवण पोटात जाऊ दे, मग तू सांग, मी सांगते, कुणीही सांगू दे.

तुझी,
वहिनी

---

ता. १९ डिसेंबर

ती. वहिनीस,
सा. न.

शनिवारी येते. दादाने दिलेली वाळ्याची कुपी माझ्याकडे आहे, अत्तर इथूनच लावून निघेन. दारात येऊन लावलं तर कुपीच बोलेल. प्रवासात मुरलं की तो येईल. साबण लावणार नाही. यजमानांनी विचारलं की कुठे निघालीस. दादाला आईकडे पोचवायला, असं म्हटलं, तर ते स्टँडपर्यंत सोडायला येतो म्हणाले.

ठकी

---

ता. २३ डिसेंबर

ती. वहिनीस,
सा. न. वि. वि.

शनिवारी तू कामावरून यायच्या आत मी पळाले. तुला तोंड दाखवायची हिंमत नव्हती. झालं ते लिहिते.

मी खाटेवर टेकले आणि हात पुढे केला. आईने तो धरून नाकाशी नेला. बराच वेळ धरून होती. मग तिची बोटं मनगटावरून कोपरापर्यंत गेली आणि खाली आली. म्हणाली, ठकी, चांगलं मुरलंय. तिने विचारलं की दादा कधी गेला. मग माझ्याकडून लपवणं झालं नाही, वहिनी. सगळं सांगितलं. ती रडली नाही. त्याच्याजवळ कोण होतं एवढं विचारलं. तू पोचली होतीस असं सांगितल्यावर बरं झालं म्हणाली.

पुढचं तुला सांगायचं नाही असं तिने बजावलंय, पण मी सांगणार. म्हणाली, मला केव्हाच शंका आली होती. पण रुसून गेलेला मुलगा परत येतो. म्हणून मी सुनेवर आळ घेत राहिले. ती बिचारी उलट एक शब्द बोलली नाही, तेव्हाच खरं कळायला हवं होतं. मी जाणते हे तिला कळू देऊ नकोस. मला जपायचं म्हणून ती उभी आहे, ते काम काढून घेतलं तर कोसळेल.

नंतर मी भरवलं, ती जेवली. तो येणार नाही हे कळल्यावर आता कशासाठी जेवली, ते मी विचारलं नाही.

चुकले असेन तर पदरात घे,
ठकी

---

ता. २८ डिसेंबर

चि. ठकीस,
अ. आ. वि. वि.

तुझं पत्र दुकानात वाचलं. हातातली इस्त्री तशीच राहिली आणि गिऱ्हाइकाच्या उशीचा अभ्रा करपला. मालकिणीने घरी जा म्हटलं.

मी आले तेव्हा आईंनी रोजच्यासारखं विचारलं, त्याचं काही कळलं का. माझ्यासाठी विचारतायत हे आता मला ठाऊक होतं. मी दारातूनच सांगितलं की तो गेला, आई. मी चौकटीला धरून उभी राहिले, हुंदका दाबत.

त्या हळूहळू भिंतीकडे सरकल्या. दुखऱ्या कमरेने, कण्हत. खाटेवर अर्धी जागा केली आणि म्हणाल्या, ये, इथे पड. रडायचं तेवढं रडून घे. मला दिसत नाही.

मी निजले त्यांच्याशेजारी. उजेड जाईपर्यंत आम्ही दोघी तशाच होतो.

तुझ्यावरचा जीव आहे तसाच आहे,
वहिनी