वाघरीतला राखण्या

१० नोव्हेंबर
मेढ्याहून जतच्या माळावर पोहोचले! अब्बांनी मोटरसायकलवरून सोडलं. रविवारी न्यायला येतील. शिकवायला उत्कर्षा मॅडम, शिकणारी मी एकटी नूरीन. आमचा रोबो चार चाकांचा, एका हाताचा. त्याला मेंढरं राखायला शिकवायचं. मेंढरं कोंडायची जाळी म्हणजे वाघर. माझी खोलीही तिच्या आतच. मॅडमचा पहिला धडा: बघणं, ठरवणं, करणं. बस्स! यंत्र तुमच्यासाठी नाही, असं आम्हा मुलींना कायम सांगितलं गेलं. हे ठरवणारे कोण? आता मी ठरवणार!

११ नोव्हेंबर
बाळासो धनगरांनी राखणीचे नियम सांगितले. कळपाकडं पाठ करायची नाही. ओढाळ मेंढरू दोनदा वळवायचं, तिसऱ्यांदा त्याच्या गळ्यात लोढणं, म्हणजे जड ओंडका अडकवायचा. सगळं रोबोत घातलं. तो बंद करायचं लाल बटण त्याच्या पाठीवर आहे. बाळासो हसले, "आवं बाई, ह्येला मेंढरू आन् माणूस येगळं कळतंय व्हय?" मी त्यांना विज्ञानावर लांबलचक ऐकवलं. "बोलता मातूर लय झ्याक," म्हणाले.

१२ नोव्हेंबर
बाळासो कळप घेऊन पहाटेच आठवडाभराच्या चराईला दूर निघून गेले. शिकवायला एकही मेंढरू नाही. मग घोंगडी पांघरून मीच ओणवी फिरले, पळाले, जाळीकडं गेले. रोबो अचूक वळवतो. घोंगडी काढली तरी ओळखतो! मॅडम खूश होऊन सुटे भाग आणायला सांगलीला गेल्या, सोमवारी परततील. त्या गेल्यावर मी रोबोला राखणीला लावलं.

१३ नोव्हेंबर
जाळीबाहेरच्या नळावर निघाले तर रोबोनं अडवलं, गुडघ्याला हलकेच ढकलत आत आणलं. हसूच आलं. बटण दाबायला मागं गेले, तो वळला. परत गेले, परत वळला. पाठ दाखवतच नाही. मीच शिकवलंय.

१४ नोव्हेंबर
माळावर रेंज नाही. उन्हात त्याची बॅटरी भरते, तेव्हाही तोंड माझ्याकडंच. जाळी उचलून पळाले. त्यानं दंड धरून ओढत आणलं. दंड काळानिळा झालाय. हे दुसऱ्यांदा.

१५ नोव्हेंबर
घागरीत तळाला पाणी. जाळीजवळ जात नाही. खोलीमागं लाकूड ओढल्याचा आवाज— ओंडका आणून ठेवलाय. मी माणूस आहे, असं ओरडून सांगितलं. त्याच्यासमोर भाषण केलं, मी! तो बघतो. ठरवतो—

१६ नोव्हेंबर
अब्बा आले. येऊ नका म्हणून ओरडले, त्यांना वाटलं बोलावतेय. आत येणाऱ्याला रोबो अडवत नाही. आता दोघं आत.

पण आता पाठ दिसेल! अब्बा जाळीकडं पळतील, रोबो त्यांच्यामागं, मी बटण दाबेन. अब्बांची पहिलीच खेप, नुसतं वळवेल. ठरलं. ते उंबऱ्यापाशी चपला काढून उभे आहेत—

त्याला एकच मेंढरू माहीत आहे. मी. आतून जाळीकडं पळणारं कुणीही त्याच्या लेखी तेच मेंढरू. मग अब्बांची खेप पहिली कशी— ती तिसरी—

अब्बा निघाले. त्यानं ओंडका उचलला. लाल बटण दिसतंय— अब्बा, पळू न—