खाकी दोर, ऐंशी फूट

रविवार, ३ ऑक्टोबर १९६५

आमच्या बचाव पथकाला नवा दोर आला. ऐंशी फूट. टेरिलीनचा, परदेशी, पांढराशुभ्र. सोबत कमरेला बांधायचे सहा पट्टे, तेही टेरिलीनचे. पथकाच्या जगदाळे साहेबांनी दोर उन्हात धरला आणि तोंड वाकडं केलं. म्हणाले, लढाई थांबली तरी भरवसा नाही, ब्लॅकआउटमध्ये हा विमानातून दिसेल. खाकी पाहिजे. कोण रंगवतो?

मी उभा राहिलो. आम्ही रंगरेज. अब्बांनी चाळीस वर्षं अर्ध्या शिरूर तालुक्याचे फेटे रंगवले. मी बाजार समितीत कारकून आहे, आजवर रुमालसुद्धा रंगवलेला नाही, पण गोष्ट रक्तातच आहे.

दुसरं कारण फक्त इथे लिहितो. जो सामान सांभाळतो त्याला चढायला लावत नाहीत. मला उंचीची भीती नाही. फक्त वर गेलं की खालचं फार लांब जातं.

१७ तारखेला दौंडला प्रात्यक्षिक. बहात्तर फुटी पाण्याच्या टाकीवरून दोराने उतरायचं. वर बांधायला सहा फूट, खाली दोन फूट शिल्लक, साहेबांचा हिशेब चोख. उतरणार मच्छिंद्र, एसटी डेपोतला हेल्पर, मूळचा कवठे येमाईचा. दणकट गडी.

दोराला एक इंग्रजी चिठ्ठी अडकवली होती. कागद फार सुरेख. फाडून या वहीत खूण म्हणून ठेवली.

सोमवार, ४ ऑक्टोबर

रजा घेतली. अब्बांचा तांब्याचा हंडा काढला. अब्बा बाजेवरून म्हणाले, "उकळायच्या आदी मोज. सूत आटतंय." त्यांना समजावलं की हे सूत नव्हे, टेरिलीन आहे, आटत नाही, तशी पेपरात जाहिरात येते. अब्बा गप्प बसले. जुन्या माणसांशी प्रेमाने बोललं की ऐकतात.

हिरडा, हिराकस, दोन तास उकळी. दोर बाहेर काढला तो पहिल्यापेक्षा पांढरा. माझे हात कोपरापर्यंत खाकी. बायकोची, गुलशनची, ओढणी खाकी, एक कोंबडी खाकी. गुलशन म्हणाली, "दोर सोडून समदं रंगलं." बायकांना शास्त्र कळत नाही.

बुधवार, ६ ऑक्टोबर. संध्याकाळी

पुन्हा रजा. पाकिटातला रंग आणला. दुकानदार म्हणाला, थोडा कॉस्टिक सोडा घाला. थोडा म्हणजे किती ते विचारायचं राहिलं, म्हणून सगळा घातला. चार तास खळखळून उकळला. पट्टेही त्यातच.

रंग चढला! दूध जास्त झालेल्या चहासारखा आहे, पण खाकीत अनेक छटा असतात. दोर हाताला जरा गुटगुटीत लागतो. रंग पिऊन धष्टपुष्ट झाला असावा.

शुक्रवार, ८ ऑक्टोबर

पान उलटताना सहज खुणेची चिठ्ठी वाचली. चारच ओळी. दोर उकळू नये. क्षाराच्या पाण्यात घालू नये. रंगवू नये. तसं केल्यास मजबुतीची हमी नाही.

पुन्हा वाचली. तेच लिहिलंय.

दुपारी. विचार केला. विलायतेतले लोक भित्रे. तिकडचं पाणीही वेगळं. घोडनदीच्या पाण्यात उकळल्यास काय होतं, हे चिठ्ठीत कुठेच नाही.

संध्याकाळी. जेवण गेलं नाही.

रविवार, १० ऑक्टोबर

परेड. साहेबांनी दोर पाहिला, बराच वेळ पाहिला, मग विचारलं की याला खाकी म्हणतात का. मी म्हणालो, युद्धकालीन खाकी. पथकाने टाळ्या वाजवल्या. दोर १७ पर्यंत माझ्याच घरी ठेवायचा ठरलं.

मच्छिंद्रने दोर गळ्यात घातला आणि हसत म्हणाला, "इनुसभाऊ, आता माजा जीव तुमच्या हातात." त्याला तीन आठवड्यांची मुलगी आहे. हे आज सांगायची त्याला काय गरज होती?

उद्या नक्की सांगतो.

सोमवार, ११ ऑक्टोबर

सांगण्याआधी खात्री करावी. कामावर जाण्यापूर्वी दोर आढ्याला बांधून ज्वारीचं पोतं टांगलं. तुटला नाही. पण पोतं हालचाल करत नाही. मग मी स्वतः लोंबकळलो, जमिनीपासून वीतभर. तुटला नाही. पण मी एकशे आठ पौंड आणि मच्छिंद्र पावणेदोनशे. फरक सदुसष्ट पौंडांचा. तेवढ्यातच तुटला तर?

अब्बा बाजेवरून बघत होते.

संध्याकाळी आलो तर अंगणातल्या कडुलिंबाच्या फांदीची साल सोललेली, खाली पाला पडलेला. शेजारच्या शेळ्या फार माजल्यात. तक्रार करणार आहे.

मंगळवार, १२ ऑक्टोबर

मच्छिंद्रच्या घरी गेलो, सांगायचंच म्हणून. त्याच्या बायकोने, साखरबाईने, चहा केला. बाळ त्याच्या मांडीवर. बाळाने माझं बोट धरलं. मी म्हणालो, चहा छान झालाय. मच्छिंद्र म्हणाला, "बरं. आनखी काय, इनुसभाऊ?" मी म्हणालो, हवा छान सुटलीय. तो म्हणाला, "आनखी?" मी म्हणालो, निघतो.

दारापर्यंत पोचवायला आला. तिसऱ्यांदा विचारलं. एवढं काय विचारायचं माणसाला?

उद्या नक्की.

गुरुवार, १४ ऑक्टोबर

काल कामाचा रगाडा होता. आज साहेबांना सांगायचं ठरवून त्यांच्या दारापर्यंत गेलो. दोनदा. दोर सरकारी, दिवस लढाईचे, आणि नाव माझं इनुस. लोक चांगले आहेत, कोणी अवाक्षर काढलेलं नाही. पण काढायला वेळ किती लागतो? मुद्दाम नासवला म्हणाले तर अब्बांनी या वयात कुठे तोंड दाखवायचं?

साहेब बाहेर आले. काय काम म्हणाले. मी म्हणालो, सलाम करायला आलो होतो. सलाम करून परतलो.

शनिवार, १६ ऑक्टोबर

झालं. साहेबांना सांगितलं.

ते नाही सांगितलं. दुसरं सांगितलं. म्हणालो, उतरायचा मान मला द्या. सांगायला तोंड उघडलं आणि हेच बाहेर पडलं. साहेबांनी पाठ थोपटली, म्हणाले, कारकुनात एवढं धाडस पाहिलं नव्हतं. मच्छिंद्र माझ्याकडे बघत राहिला, मग पाठ फिरवून निघून गेला. मान गेला म्हणून रुसला असणार.

हिशेबाने बरोबरच आहे. एकशे आठ पौंडांना दोर कदाचित धरेल. आणि नाहीच धरला तर त्या पोरीचा बाप तरी राहील.

मला भीती वाटते. फार वाटते. इथे लिहायला हरकत नाही. गुलशनला सांगितलं, उद्या उतरणार. ती म्हणाली, स्वेटर घालून जा, टाकीवर वारा असतो. तिच्याकडे जरा जास्त वेळ बघत राहिलो. ती म्हणाली, "काय झालं?" मी म्हणालो, ओढणीला खाकी रंग शोभतो.

रविवार, १७ ऑक्टोबर. पहाटे पाच

एसटी सहाला. स्वेटर घातलाय.

सोमवार, १८ ऑक्टोबर

जिवंत आहे.

टाकीवर चढलो तो कसा, आठवत नाही. पट्टा आवळला, डोळे मिटले, उतरू लागलो. दोर कुरकुरला की कलमा म्हणायचो. हात घामाने ओले. एकदम टोकाची गाठ हाताला लागली आणि पाय अधांतरी. दोर संपला, जमीन नाही! म्हणजे मध्येच तुटलाय आणि मी उरलेल्या तुकड्याला लटकतोय, हे मला लख्ख कळलं. घट्ट धरून राहिलो. खालून लोक ओरडत होते, "सोड! सोड!" माणसं किती निर्दय असतात, असं वाटलं. मी गुलशनला हाक मारली. अब्बांनाही मारली. मोठ्याने.

मग कोणीतरी मला काखेत धरून उचललं. मच्छिंद्रचा आवाज आला, "इनुसभाऊ, डोळं उगडा. जमीन हाय."

जमीन दोन हात खाली होती. साहेबांच्या घड्याळाप्रमाणे मी अकरा मिनिटं लटकलो होतो. पुण्याहून आलेले मोठे साहेब रुमालात तोंड घालून खोकत होते. दोर मुठींनी पुसून पुन्हा पांढरा झाला होता. खाकी सगळी माझ्या तळहातांवर आणि चड्डीवर.

आज अब्बांनी टेप पुढे केला. मोजला. एकाहत्तर फूट. अब्बा म्हणाले, "मोज म्हनलं व्हतं."

मी म्हणालो, तुटला असता तर? अब्बा म्हणाले, "कसा तुटंल? तू हापिसात गेला तवा मच्छिंद्रला बोलावला. त्याला समदं सांगितलं आन् लिंबाला दोर बांधून घंटाभर लोंबकळवला. लई पक्का हाय." म्हणजे गेल्या सोमवारपासून त्यांना माहीत होतं, दोघांनाही. मग मला का सांगितलं नाही? अब्बा म्हणाले, "तू कवा इचारलंस?"

इतक्यात मच्छिंद्र आला. बाजेवर टेकला. म्हणाला, "मान गेला म्हून न्हाई रुसलो, इनुसभाऊ. तुम्ही तोंडानं सांगाल म्हून पाच दिस वाट बगितली. घरी चा पिऊन गेला, तरी न्हाई." मी टेप गुंडाळू लागलो. तो म्हणाला, "आन् मग सवताच चढला. आता तुम्हाला काय म्हनावं?"

साहेबांची समजूत अशी, की दौंडवाल्यांनी टाकीचं माप चुकीचं कळवलं. तशा तक्रारीचं पत्र लिहायला त्यांनी मलाच सांगितलंय. कच्चा खर्डा झाला आहे. भाषा कडक जमली आहे. मच्छिंद्रला वाचून दाखवला. त्याने तो घेतला, घडी केली, खिशात घातली आणि म्हणाला, चला साहेबांकडं, म्या येतो संगं.

मी म्हणालो, उद्या नक्की सांगतो. तो म्हणाला, आजच. बाहेर सायकल धरून उभा आहे, दोनदा घंटी वाजवली.

चपला घालतोय. पाय इतके कापताहेत की अंगठा सापडत नाही. टाकीवरसुद्धा एवढे कापले नव्हते.