मास्तरांचं अर्धवट काम

३ तारीख, सोमवार

मास्तर परत आले! अपेक्षाच होती. एवढा मोठा जादूगार, पण एक काम धड पुरं करून गेला असेल तर शपथ. मरून तिसऱ्या दिवशी, बरोबर दहाला, कार्यशाळेतल्या आपल्या स्टुलावर हजर. बोलत नाहीत — मेलेले बोलत नाहीतच.

मागे राहिलेलं काम शोधायचं, पुरं करायचं, की माणूस सुटतो. मुदत परत आल्यापासून सात दिवस. तोवर तो एकेकाला विसरत जातो नि नंतर कायमचा भटकत राहतो. पण ती वेळ येणार नाही. एकेचाळीस जणांना मार्गी लावलंय मी. डाव्या हातचा मळ!

५ तारीख

शेजाऱ्यांची शिडी परत केली. चपलेचा अंगठा शिवून आणला. मास्तरांचा थोरल्या भावाशी अबोला होता, म्हणून भावाला बोलावलं. ते समोर बसून ढसाढसा रडून गेले. मास्तर ढिम्म.

६ तारीख

माळ्यावर अर्धा विणलेला मोजा सापडला. विणून पुरा केला. टाच जमली नाही — तरी मोजा तो मोजा!

काकू, म्हणजे मास्तरांची बायको, म्हणाल्या, "हे दिवसभर तुझ्या हातांकडे बघत असतात गं." माझं विणकाम बघून हसत असतील.

७ तारीख

अंगणातली म्हातारी — आमची ड्रॅगन — मास्तर गेल्यापासून उपाशी आहे; तोंडातला विस्तव काढल्याशिवाय ती खात नाही. मास्तर रोज सकाळी तिच्या जबड्यात हात घालून विस्तव काढायचे. हात थरथरला नाही तर ती भाजत नाही, म्हणे. माझा तेवढा शेवटचा धडा राहिलाय. सहा वर्षं "उद्या" म्हणतेय. भीती वगैरे नाही. काडेपेटीवर भागतं, इतकंच.

८ तारीख

आज काकू सवयीने चहा घेऊन गेल्या, तर मास्तर उठून उभे राहिले. परक्या बाईसाठी उठावं तसे.

काकू कप ठेवून सरळ माझ्याकडे आल्या. "काखेत कळसा नि गावाला वळसा! मोजे कसले विणतेस? त्यांचं अर्धवट काम तू आहेस!"

एवढा राग आला! खरं बोलल्या म्हणून आला. भिते मी म्हातारीला. पहिल्या दिवसापासून भिते. लिहिलं एकदाचं.

९ तारीख

कोपरापर्यंत हात घातला. डोळे मिटले होते, पण हात हलला नाही. विस्तव आणून मास्तरांपुढे धरला. त्यांनी माझा तळवा उलटसुलट करून पाहिला — फोड नाही. मग काकूंकडे वळले, नेहमीसारखे हसले. स्टूल रिकामं.

वेळेवर शिकले असते, तर मास्तर परत आलेच नसते. बरं झालं, भित्री होते.