गाळलेला रकाना

शिवाजीनगर, बंगळूर
१२ सप्टेंबर १९९६

ती. अण्णास,

नमस्कार. ‘खरा आकडा छापून आपल्या घरात कोणता दिवा लागणार आहे, भागू?’ असं तू हुबळीहून विचारलंस. आठवडाभर त्याचंच उत्तर शोधतेय.

आई बरी आहे. गुडघा दुखतो म्हणते आणि नळाला पाणी आलं की पहिली धावते.

आमच्या संस्थेच्या प्राणेश सरांनी तुला फोनवर अर्धंच सांगितलं. ही पुस्तिका शाळांसाठी आहे: भारत आणि चीनमधली अणुवीज. आकडे मी जमवले, वर नाव माझं. आपल्या अणुभट्ट्या दहा, त्यांच्या तीन. आपली वीज त्यांच्या बावीस वर्षं आधी सुरू झाली. हे सगळं छापलं. पण गेल्या वर्षी त्यांच्या तिघींनी आपल्या दहांपेक्षा जास्त वीज दिली, तो रकाना सरांनी गाळला. विचारलं तर हसले. “स्वल्प अडजस्ट माडम्मा! पोरांना अभिमान वाटू दे की.”

अण्णा, बसमध्ये कुणी ‘स्वल्प अडजस्ट’ म्हटलं की आपण चार बोटं सरकतो आणि एखादी म्हातारी टेकते. इथे सरकून कुणाला जागा द्यायची? खोट्याला?

कुणी मदत करेना तेव्हा आपल्या माणसांनी भट्ट्या उभ्या केल्या, त्याचा अभिमान मलाही आहे. पण मागे का पडलो हे पोरांनी विचारायचं, तर मागे पडलो हे आधी कळायला नको?

सरांपेक्षा तुझा राग जास्त आला. ‘सरी, बरं आहे, म्हण आणि गप्प बस’ हे तू म्हणालास? धाकट्या बहिणीने शिकावं म्हणून दहावीत शाळा सोडणारा तू! पुस्तकामागचं उत्तर बघून मी गणित जुळवलं, तेव्हा वहीचं पान टरकन फाडणारा तूच ना?

तू का म्हणालास ते मला ठाऊक आहे. इथे यशवंतपूरच्या कारखान्यात तुला कायम नोकरीला लावायचा शब्द सरांनी टाकलाय. आई त्याच आशेवर आहे. एवढं एक वाक्य लिहायला मला दोन पानं लागली.

पुस्तिकेच्या दोनशे प्रती आल्या होत्या. प्रत्येकीत तो रकाना मी निळ्या शाईने लिहिला, खाली सही केली आणि काल सगळे गठ्ठे शाळांना टपालाने रवाना केले. मग सरांना जाऊन सांगितलं.

फाडायचं असेल तर आता हे पान फाड.

तुझी,
भाग्यलक्ष्मी, बी.एस्सी.