निळ्या झाकणाची बाटली

मंगळवार, संध्याकाळ. बोरीवली.

अंधेरीच्या मीटिंगमधून आलो तेव्हापासून डोक्यात आईच आहे. माझा भाचा नीलेश बाळांसाठी ऑरगॅनिक दूध पावडर बनवतो, त्याच्या कंपनीत माझेही पैसे आहेत. आज म्हणाला, "मामा, दूध देणाऱ्या डेअरीचं ऑरगॅनिक सर्टिफिकेट अडकलंय. पुढच्या महिन्यात डबे निघणार नाहीत."

"मग दुसऱ्या डेअरीकडून घे ना."

"दुसरी धरलीच नाही रे. हिचंच दूध बेस्ट होतं."

असेल बेस्ट. पण आमचीच पावडर पिणारी बाळं महिनाभर काय पिणार?

माझी धाकटी बहीण पाळण्यात होती तेव्हा आमच्याकडे दूध दोन ठिकाणांहून यायचं. दुधाच्या कार्डावर सरकारी केंद्राची निळ्या झाकणाची बाटली, आणि वर तबेल्यातल्या भय्याचं अर्धा लिटर. बाबा कुरकुरायचे, दोन-दोन कशाला? केंद्राची गाडी चुकली की आई भय्याच्या दुधात पाणी घालून ते तापवायला ठेवायची. धाकटी दुधावाचून रडल्याचं मला आठवत नाही. बाटलीची ती पातळ पत्र्याची निळी झाकणं मी धुऊन, वहीत दाबून जपायचो.

आणि पैसे घालताना मी नीलेशला काय सांगितलं? दूध कुठून येतं, हे विचारलंसुद्धा नाही. डब्याचं झाकण निळं ठेव म्हणालो, आईच्या बाटलीसारखं. त्याने ठेवलं.

आत्ता चहासाठी फ्रीज उघडला. आत दोन वेगवेगळ्या डेअरींच्या पिशव्या. मीच आणतो रोज, एखादीची गाडी आली नाही तर म्हणून. आम्हा दोन म्हाताऱ्यांच्या चहासाठी.