होडीचा प्रसंग काढू नकोस

प्रिय मृणाल,

"मास्तर, तुम्ही म्हणाल तर होडीचा प्रसंग काढून टाकते," असं तू फोनवर म्हणालीस आणि मी काहीतरी पुटपुटून फोन ठेवून दिला. राग मानू नकोस. शाळेतही महत्त्वाचं सगळं मी फळ्यावर लिहूनच सांगायचो. अलिबागला तुझा सिनेमा लागायच्या आत तुला उत्तर हवं आहे, आणि इथे संघटनेच्या मुलांनाही हवं आहे. हर्षदच्या स्मृतिदिनाला मी मंचावर उभं राहावं आणि या सिनेमात माझ्या हुतात्मा मुलाची टिंगल केली आहे, सगळं खोटं आहे, असं सांगावं, म्हणून ती रोज घरी येतात. वाकून नमस्कार करतात, त्याच्या आईच्या, मैनाच्या हातचा चहा पितात, कपबशा उचलून मोरीत ठेवतात. त्यातल्या दोघांना मी शिकवलं आहे.

हल्ली मला वर्ग फार आठवतो. खिडकीतून खाडी दिसायची आणि तुम्ही सगळी बाकं बडवत कविता म्हणायचात. तू पहिल्या बाकावर. हर्षद दारापाशी, कारण तो चिखलातून बूट हातात धरून यायचा आणि त्याला पाय धुवायला पुन्हा बाहेर जावं लागायचं. कविता त्याला पाठ असायची, पण तिसऱ्या कडव्यात हमखास चुकायचा आणि चुकलेली ओळच सगळ्यांत मोठ्यानं म्हणायचा. पुढे कारखान्यातलं कंत्राटी काम सुटलं तसा तो घरात गप्प बसून राहायला लागला. मग एका सकाळी न्हाणीघरातून त्याचा आवाज आला, यमक जुळलेलं काहीतरी चालीवर म्हणत होता. मी मैनाला म्हटलं, बघ, पुन्हा कविता म्हणायला लागला. त्या घोषणा होत्या. त्यांत रक्त होतं, शत्रू होता, आणि मात्रा एकही धड बसत नव्हती.

तू तेव्हा पुण्याला होतीस, म्हणून त्या संध्याकाळचं सांगतो. पलीकडच्या काठावर उरूस होता. तिथे बाँब ठेवायचा बेत हर्षद आणि त्याच्या दोन साथीदारांचा, हे आम्हाला नंतर कळलं. संघटनेच्या शहरातल्या प्रमुखानं अमावस्या निवडली, का तर अंधार असतो. आता तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हे मी तुम्हाला चौथीत शिकवलं होतं. अमावस्या म्हणजे पंधरावी तिथी, भरती दुपारी बाराच्या आतबाहेर. सांजेला खाडीत चिखलाशिवाय काही उरत नाही. पण प्रमुखाला समुद्र फक्त भाषणापुरता माहीत, आणि त्याच्यासमोर आमच्या पोरांची तोंडं उघडत नसत. पाणी उतरत असताना तिघांनी होडी लोटली, ती मध्यावर जाऊन रुतली. प्रमुख स्वतः हमरस्त्यावर गाडीत बसून फोनवर हुकूम देत होता.

अजून उजेड होता. धक्क्यावर माणसं जमली, त्यांत मीही होतो. खाडीत आवाज लांबवर ऐकू येतो. तिघांची जुंपली होती, पिशवी कुणी धरायची यावरून. एक म्हणे, "तू धर, माझा हात दुखतो." दुसरा म्हणे, "सर सांगताहेत, चालत जा." "कंबरभर चिखलातून? त्यांना सांग, तुम्ही या आधी." धक्क्यावरून कुणीतरी ओरडलं, "रं पोरांनो, भाकरी पाठवू का?" आम्ही पोट धरून हसलो, मृणाल. टिंगल तुझ्या सिनेमानं सुरू केलेली नाही. आधी आम्ही हसलो, आणि मग तो आवाज झाला.

त्यानंतर गावानं हसणं पुसून टाकलं. नाक्यावर हर्षदचा फ्लेक्स लागला, मागे सिंह आणि उगवता सूर्य. दर वर्षी तोच प्रमुख येतो, हार घालतो आणि हर्षदनं धर्माला वाचवलं म्हणून सांगतो. मैना पुढच्या रांगेत बसते. तिला तेवढाच आधार होता आणि तो काढून घ्यायची माझी छाती झाली नाही. म्हणून तू पाठवलेला सिनेमा मी एकट्यानंच पाहणार होतो, पण ती येऊन शेजारी बसली. पडद्यावरचा मुलगा होडीत नवे बूट काढतो, चिखलानं खराब होऊ नयेत म्हणून बाँबच्याच पिशवीत नीट जोडीनं ठेवतो, तिथे मैना खळखळून हसली. कितीतरी वर्षांनी मी ते हसू ऐकलं. "आपलाच हाय वो हा," म्हणाली. मग पदर तोंडाला लावून बसली. सिनेमा संपल्यावर म्हणाली, "ह्यानं तं कोनालाच वाचवलं न्हाय." मग तिनं विचारलं, "आन् कोंडाजी कुठं हाय यात?"

त्यासाठी हे पत्र. प्रसंग काढू नकोस. पण तो अर्धा आहे. आम्ही धक्क्यावर हसत उभे होतो तेव्हा कोंडाजी कोळी खांद्यावर दोर आणि काखेत फळी घेऊन चिखलात उतरला होता. जाताना मला म्हणाला, "मास्तर, तुमच्या पोराला भरती-ओहोटी येत न्हाय, नापास करा त्याला." तो होडीपाशी पोचला, दोर बांधायला वाकला, आणि चौघंही गेले. फ्लेक्सवर त्याचा फोटो नाही, भाषणात त्याचं नाव नाही, आणि तुझ्या सिनेमातही तो नाही. त्याची बायको आवडाबाई तेव्हापासून आमच्या दारावरून जाताना मान वळवते. काल मैना आणि मी तिच्या ओट्यावर गेलो. तिनं बसा म्हटलं नाही. मी उभ्या उभ्याच विचारलं, कोंडाजीला सिनेमात घालू का. ती सुकटाची माती झटकत राहिली. मग म्हणाली, "दाखवा. पन त्याला चांगला सदरा घाला. त्या दिशी अंगात फाटकी बंडी व्हती." मंचावर मी जाणार आहे आणि पहिलं नाव त्याचं घेणार आहे, पुढे काय होईल ते होवो. तुझं काम तेवढं कर. त्याला हसत येऊ दे, कारण तो हसतच आला होता. सदरा कुठला ते आम्ही विचारलं, तर निळा चालेल म्हणाली.

तुझाच,
दिनानाथ मास्तर