रेषेवरचा चेंडू

५ ऑक्टोबर, सोमवार

जाहीर झालं! शेजार चषक! आपण, नदीपलीकडचे, डोंगराकडचे आणि बेटवाले – चार देश. आणि पहिलाच सामना आपल्या मैदानावर, नदीपलीकडच्यांशी. एकतीस वर्षांनी!

दवाखान्यात सकाळपासून दुसरा विषय नाही. दाढ ठणकत असताना माणूस एवढं बोलू शकतो हे मला आज कळलं. पोस्टमनकाकांचा गाल भोपळ्यासारखा सुजलेला, तरी बोलतायत – "कशाला हवेत हे उद्योग? दुरून डोंगर साजरे. जवळ आले की उणीदुणी निघतात." बसड्रायव्हर म्हणाला, "अहो, चारच संघ! म्हणजे एकही सामना न खेळता आपण उपांत्य फेरीत! जन्मात कधी गेलो होतो का?" कवळीवाल्या आजी कोपऱ्यातून – "आपण जिंकलो नाही तरी चालेल. ते हरले पाहिजेत." हे कसं जमायचं, ते कोणी विचारलं नाही.

डॉक्टरीणबाईंना तर फुटबॉल म्हणजे जीव की प्राण. पेशंटच्या तोंडात आरसा घालून विचारतात, "स्पर्धा हवी की नको?" तो बिचारा "आं… आं…" "बघ, यांनाही पटलं!"

मी खाली मान घालून दातांच्या साच्यांसाठी प्लॅस्टर कालवत होते. मग एकदम सगळे गप्प झाले. म्हणजे माझ्याकडे बघत होते. म्हणजे बाबा आठवले होते.

८ ऑक्टोबर, गुरुवार

बाबा स्पर्धेबद्दल अजून एक अक्षर बोललेले नाहीत. पेपर वाचतात, खेळाचं पान आत जाईल अशी घडी घालून ठेवतात.

१४ ऑक्टोबर, बुधवार

पहाटे स्वप्न पडलं. मैदानभर धुकं. गोलाच्या रेषेवर एक पांढरा चेंडू, आणि तो कुठेच जात नाहीये. आतही नाही, बाहेरही नाही. नुसता श्वास घेतल्यासारखा फुगतोय, बसतोय. मी त्याच्याशेजारी गवतावर झोपले होते. भीती अजिबात नव्हती. उलट इतकं बरं वाटत होतं की जाग आली तेव्हा राग आला.

एकतीस वर्षांपूर्वी नदीपलीकडच्यांशी झालेला तो सामना मी पाहिलेला नाही, पण तो मला पाठ आहे. घरात लहानपणापासून तोच ऐकला. एक-एक अशी बरोबरी. शेवटची दोन मिनिटं. त्यांच्या दहा नंबरने मारलेला चेंडू आडव्या दांडीवर आपटला, खाली रेषेपाशी पडला, आणि बाबांनी झडप घालून तो बाहेर ओढला. आत गेला होता का? पंच लांब होता. लाइनमनला धुक्यात काही दिसलं नाही. कॅमेरा एकच, त्यातही नुसता दूध सांडल्यासारखा पडदा. पंच धावत आला आणि त्याने सरळ गोलकीपरलाच विचारलं. बाबा म्हणाले, "आत होता."

हरलो आपण.

अर्धं शहर म्हणालं, असा खरा माणूस होणे नाही. उरलेलं अर्धं म्हणालं, विकला गेला. बाबा पुन्हा खेळले नाहीत. प्लंबर झाले. मग लोकांना आयतीच गंमत मिळाली – "तेव्हा गळू दिलं, आता गळती बंद करत फिरतो!" अजूनही काही जण बाबांना 'गळती' म्हणतात. बाबा हसतात. मला हसू येत नाही.

आणि मी? मी त्यांचीच मुलगी. पेशंटने "दुखेल का?" विचारलं की मी "दुखेल" म्हणते. डॉक्टरीणबाई डोक्याला हात लावतात. पण मला नाही जमत. आमच्या घरी एकच गोष्ट श्रीमंतीची होती, ती अशी उधळू कशी?

१९ ऑक्टोबर, सोमवार

संध्याकाळी स्पर्धेच्या समितीचे सचिव घरी आले. कोट, अत्तर, बसायच्या आधी खुर्चीवर नीट नजर. म्हणाले, "सामन्याआधी एक छोटा समारंभ. प्रामाणिक खेळासाठी दरवेळी एक ढाल द्यायची, आणि ढालीला तुमचं नाव. पलीकडचा तो दहा नंबरही येणार आहे. दोघांनी मिळून ती मैदानावर आणायची."

मला वाटलं मी तिथेच रडणार.

बाबांनी सचिवांच्या कपात चहा ओतला. काठोकाठ. मग बशीत. "माझं नाव कशाला?" एवढंच.

"तुमच्यासारख्याचं नाही तर कोणाचं, साहेब?"

बाबा उठून मोरीत गेले आणि उगाच नळ सोडून उभे राहिले. मीच सचिवांना दारापर्यंत पोचवलं. म्हटलं, येतील ते.

२५ ऑक्टोबर, रविवार

आत्या आणि मी गच्चीत कपडे वाळत घालत होतो. आई गेल्यापासून, म्हणजे पाच वर्षं, आत्याच घर सांभाळते. मी विचारलं, "बाबा एवढे का कुढतात गं? लोक आता मान देतायत ना?"

आत्या चादरीच्या पलीकडे होती. नुसती सावली दिसत होती. म्हणाली, "सगळ्यांनाच मान सोसत नाही, घाई."

घाई म्हणजे मी. दोन महिने आधी जन्मले म्हणून. त्या सामन्याच्याच रात्री. आत्या सांगते, मी एवढीशी होते की बाबांच्या गोलकीपरच्या हातमोज्यात मावले असते. आई वाचते की नाही अशी अवस्था होती. बाबा मैदानावरून तसेच आले, अंगावर चिखल, नर्स आत सोडेना.

चादर वाऱ्याने फुगली. त्या पांढऱ्यातून आत्याचा आवाज – "चिमटे दे."

दुपारभर मी तशीच पडून होते. छतावर उन्हाचा एक तुकडा सरकत होता. वाटलं, बाबा आणि मी एकाच दिवशी या शहरात नव्याने आलो. ते हरून, मी घाईने.

१ नोव्हेंबर, रविवार

नदीवरच्या पुलाला नवा रंग देतायत. बघायला गेले. पलीकडचेही त्यांच्या बाजूने रंगवतायत. त्यांचा निळा जरा फिका आहे. मधे एक हातभर जागा अजून कोरी. दोन्हीकडचे रंगारी तिथे पाय सोडून बसले होते आणि एकाच डब्यातलं खात होते. आवाज ऐकू येत नव्हता. खूप वेळ बघत राहिले. नदी अगदी सावकाश होती.

३ नोव्हेंबर, मंगळवार

आज दवाखान्यात जुंपली! एक नवा पेशंट, अक्कलदाढेचा. त्याला मी कोण ते माहीत नव्हतं. म्हणाला, "ढाल कसली देता? त्या गळतीने देश विकला. एकतीस वर्षं त्यांच्याशी खेळलो नाही ते काही उगाच नाही."

पोस्टमनकाका उभेच राहिले. सूज उतरलीय आता. "तोंड सांभाळा! मी त्या दिवशी गोलामागेच होतो."

"मग दिसला चेंडू?"

"धुक्यात काय दिसतंय! पण माणूस दिसला ना!"

बसड्रायव्हर म्हणाला, "मी सांगू? तेव्हा मी शिव्या घातल्या होत्या. रडलोही होतो. पण आता मुलांना हीच गोष्ट सांगतो. जिंकलेला एक तरी सामना तुम्हाला एवढा आठवतोय का?"

आजी म्हणाल्या, "मला आठवतोय." पण कुठला ते त्यांना आठवेना.

मी बाहेर आले. हाताला कालवलेलं प्लॅस्टर तसंच. म्हटलं, "ते माझे वडील आहेत. ते खोटं बोलत नाहीत. आता आत या, तुमचा नंबर. आणि हो – दुखेल."

डॉक्टरीणबाईंनी आज पहिल्यांदा डोक्याला हात लावला नाही. जाताना नुसतं माझ्या पाठीवर थोपटलं.

घरी येऊन बाबांना सगळं रंगवून सांगितलं. वाटलं खूश होतील. ते म्हणाले, "असं नको म्हणत जाऊ, बाळ."

"कसं?"

"खोटं बोलत नाहीत, असं. कोणाहीबद्दल."

१० नोव्हेंबर, मंगळवार

येतो म्हणाले! जेवताना, मान वर न करता – "शनिवारी जाऊ. पण तू बरोबर हवीस. गुडघा धड नाही." आत्याने हातातला डाव खाली ठेवला.

पूल उघडला. पलीकडचे लोक रस्त्यावर दिसू लागलेत. फिक्या निळ्या टोप्या. बोलतात आपल्यासारखंच, फक्त हेल वेगळा. वाक्य संपताना जरा वर उचलतात, म्हणजे साधं बोललं तरी काहीतरी विचारतायत असं वाटतं. मला तो हेल फार आवडलाय. दिवसभर मनातल्या मनात तसंच बोलत होते.

दवाखान्यात शेल्फावर पेशंटांच्या दातांचे साचे रांगेने मांडलेत. तिन्हीसांजेच्या उजेडात वाटलं, प्रेक्षक बसलेत. सगळे एकाच वेळी हसायला लागणार आहेत.

१४ नोव्हेंबर, शनिवार

कुठून सुरू करू!

मैदान गच्च भरलं होतं. एक बाजू आपली, एक त्यांची, आणि मधे नुसती दोरी. मी बाबांचा कोपर धरून गोलाच्या दिशेने चालले होते. गवत ओलं होतं. पाय टाकला की जरासं दबायचं, उचलला की हळूहळू उभं राहायचं. एवढ्या गोंगाटात मला ते गवतच दिसत होतं.

समोरून तो आला. दहा नंबर. टक्कल, सुटलेलं पोट, एका हातात काठी. सचिव फोटोवाल्यांना हाका मारत होते. तेवढ्यात तो बाबांच्या गळ्यात पडला आणि तसाच, गळ्यात असतानाच बोलला. मी अगदी लागून उभी होते.

"एक विचारू? एकतीस वर्षं पोटात ठेवलंय. मी दोन पावलांवर होतो. तो आत नव्हता."

बाबा म्हणाले, "मग तू का नाही बोललास?"

"मी? मला गोल मिळत होता की, बाबा रे!"

आणि दोघं हसायला लागले! पोट धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. सगळ्या मैदानाला वाटलं जुने वैरी गळाभेट घेतायत. टाळ्या थांबेनात. नक्की हेच बोलले का ते? की त्या हेलामुळे मला भलतंच ऐकू आलं?

मग बाबांच्या हातात माईक दिला. बाबांनी ढालीवरून एकदा हात फिरवला. म्हणाले, "ढाल चांगली आहे. पण तिच्यावर माझं नाव नको. खरंच नको. माझा तो हक्क नाही." बस. माईक परत.

लोक उभे राहिले! "काय हा विनय!" म्हणून सचिव डोळे पुसत होते.

सामना दोन-दोन. मग पेनल्टींवर हरलो. बसड्रायव्हर म्हणाला, "उपांत्य फेरीत हरणं वेगळंच असतं, त्यात एक वजन असतं." आजींच्या शेजारी फिक्या टोपीवाल्या एक बाई बसल्या होत्या. शेवटी शेवटी दोघी एकमेकींना आपापल्या कवळीबद्दल सांगत होत्या. आणि पोस्टमनकाका! दोरीपलीकडच्या एका माणसाला दवाखान्याचा पत्ता लिहून देत होते.

त्या चेंडूचं बाबांना उद्या विचारीन. की नको?

१५ नोव्हेंबर, रविवार

विचारलं. सकाळी, चहाच्या वेळी. आत्या उठून आत गेली.

बाबा म्हणाले, "आत नव्हता. रेषेवर होता. अर्धा चेंडू बाहेर. मला लख्ख दिसत होता." मग कप बाजूला सरकवला. "मध्यंतरात आत्याचा फोन आला होता – वहिनीचं काही खरं नाही, लगेच ये. मॅनेजर म्हणाला, आधी सामना. आणि बरोबरी झाली तर सामना पुन्हा, दोन दिवसांनी, पलीकडे. संघाची बस दाराशी चालूच होती. कोणाला घरी सोडणार नव्हते."

मी म्हटलं, "आईला माहीत होतं?"

"तिला त्याच रात्री सांगितलं, नर्सने शेवटी आत सोडलं तेव्हा. तू तिच्या कुशीत होतीस. तिने ऐकलं आणि म्हणाली, कोणाला सांगू नका, पोरीला वाटेल तिच्यामुळे हरलो."

चहा गार झालाय. कोणाचातरी नळ फुटला म्हणून बाबा हत्यारांची पिशवी घेऊन गेले. दारातून वळून म्हणाले, "तुझ्यामुळे नाही हं. माझ्यामुळे."